धुराड्याबद्दल माझी हरकत नाही

जनरेटरच्या धुराड्याचा सरकारी नियम आमच्या सोसायटीत मला एकटीलाच पाठ आहे. धुराडं इमारतीच्या माथ्यापेक्षा उंच हवं. आमचं दुसऱ्या मजल्यावर संपतं, बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी. इथे वालीवच्या बाजूला वीज रोज जाते, रोज जनरेटर लागतो आणि माझी दीड वर्षांची ज्ञानदा रोज खोकते. म्हणून मी नियमासकट तक्रार केली.

तपासणीचे साहेब शुक्रवारी दुपारी आले. त्यांनी धुराडं पाहिलं आणि जनरेटरला लाखेचं सील लावलं. आमचे सेक्रेटरी सॅन्टनकाका बाजूला उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जिंकणाऱ्याने नम्र असावं.

मग इमारतीची उंची मोजायला साहेब गच्चीकडे निघाले. आकडा चुकू नये म्हणून ज्ञानदाला कडेवर घेऊन मीही लिफ्टमध्ये शिरले. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये वीज गेली.

जाळीच्या दारातून वर पाचव्या मजल्याची फक्त फरशी दिसत होती. पंखा थांबला. ज्ञानदाने आधी साहेबांची टेप चघळली, मग आकांत मांडला. रडता रडता खोकला सुरू झाला आणि चेहरा लालबुंद झाला.

बऱ्याच वेळाने फरशीवर सॅन्टनकाकांचे बूट आले, धापा टाकत.

"काका, जनरेटर लावा ना."

"सील आहे ना, बाळा."

साहेबांनी आतूनच सील तोडायची परवानगी दिली. काकांना ती लेखी हवी होती.

"आणि हिचीपण सही घ्या साहेब. उद्या ही परत तक्रार करेल."

साहेबांना ते रास्त वाटलं. त्यांनी फाइलवर कागद ठेवून सील तोडायची परवानगी लिहिली आणि तिच्याखाली माझ्यासाठी काकांनी वरून मजकूर सांगितला: धुराड्याबद्दल माझी काहीही हरकत नाही, आताही नाही आणि पुढेही नाही.

"पुढेही कशाला, काका?"

"वीज पुढेही जाणार ना."

ज्ञानदा पुन्हा खोकली. मी सही केली, पूर्ण नावाची. कागद जाळीतून वर गेला. काकांनी त्याची नीट घडी करून तो खिशात ठेवला, आणि डोक्यावरचा पंखा फिरू लागला. वीज आली होती.

रविवारी सकाळी खालून काकांची हाक आली, अगदी मायेने. "रचना, खिडकी लाव गं, जनरेटर चालू करतोय."

नियम मला अजून पाठ आहे. मी खिडकी लावली.