रविवारी सुट्टी घेणारा सूर्य

माझ्या खोलीतल्या सकाळच्या उजेडाविषयी मी आधी सावकाश बोलणार आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी थेट परातीच्या प्रसंगापाशी जावे. बरोबर आठ वाजून दहा मिनिटांनी तो येतो. प्रथम खिडकीच्या गजाला एक पिवळसर कड फुटते. ती कड कठड्यावरून उतरते, टेबलावरच्या मुद्रितांच्या गठ्ठ्यावर क्षणभर टेकते, पाण्याच्या पेल्यातून आरपार जाऊन भिंतीवर एक थरथरता ठिपका ठेवते आणि अखेर कुंडीतल्या लव्हेंडरवर स्थिरावते. अर्धा तास. मग कुणी हातातून हळूच हात काढून घ्यावा, तसा तो निघून जातो. इतक्या अबोल आणि वेळ पाळणाऱ्या उजेडाशी माझे सूत न जुळते तरच नवल.

रविवारी तो येत नाही. रविवारी ढग असतात. सलग पंचवीस रविवार ढग असू शकतात. निसर्गाला नियम शिकवणारे आपण कोण!

मी भूगोलाची पाठ्यपुस्तके छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. ‘हवामानाचे पट्टे’ हे प्रकरण मी सात वेळा वाचले आहे. ज्याने वाळवंटापासून वर्षावनापर्यंतचे सगळे ऱ्हस्व-दीर्घ तपासले, त्याला जगातले कोणतेही झाड कोठेही जगवता येते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्या प्रकरणातले नकाशे जिने रंगवले, ती आमची नकाशाकार सहा महिन्यांसाठी दुसऱ्या शाखेत निघाली, तेव्हा तिने ही कुंडी माझ्यापुढे ठेवली.

“याला कोरडी हवा आणि रोज सहा तास ऊन लागतं. तुमच्याकडे येतं का ऊन?”

“पूर्वेची खिडकी आहे,” मी म्हणालो. तिच्याशी बोललेले ते माझे आजवरचे सर्वांत लांब वाक्य.

“मग परत आल्यावर ठरवू. झाड रमलं असेल, तर माझी दुसरी कुंडीही तुमच्याकडेच ठेवीन. अधूनमधून बघायला येईन.”

*अधूनमधून बघायला येईन!* त्या तीन शब्दांवर मी सहा महिने जगलो. झाडाचे काय, ते आपले उभे होते.

घरच्यांना अर्थातच शास्त्राची कदर नव्हती. बाबा निवृत्त भूमापक. पहिल्याच दिवशी त्यांनी होकायंत्र काढले.

“अरे, ही खिडकी उत्तरेची आहे.”

“कपाटाचं लोखंड बाधतंय तुमच्या होकायंत्राला.”

“आणि तुला काय बाधलंय, तेही दिसतंय! ते ऊन समोरच्या दंतवैद्याच्या काचेचं आहे. आठ-दहाला तो दवाखान्याची खिडकी उघडतो, तिच्यावरून उसळून येतं!”

चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या जमिनी मोजलेल्या माणसाच्या वयाचा मान राखून मी कुंडीला पाणी घातले.

लव्हेंडरला सोबत म्हणून मी पाठ्यपुस्तकातल्या तिच्या नकाशाबरहुकूम घराचेच पट्टे पाडले. न्हाणीघर विषुववृत्तीय झाले. तेथे नेच्यांच्या कुंड्या आणि अहोरात्र वाफ. शेगडीवरची फळी हे वाळवंट. मिठाकडे जाणारा हात निवडुंगाला भेटून परत येई. आणि फ्रीज हा शीत पट्टा, ट्यूलिपच्या कंदांसाठी राखीव.

“मग दूध कुठे ठेवू?” आईने विचारले.

“समशीतोष्ण पट्ट्यात.”

“म्हणजे कुठे, मेल्या?”

“टीव्हीशेजारी.”

“नासेल की ते!”

“कंदांना दहा आठवडे थंडी लागते, आई.”

“आणि मला दहा मिनिटांत चहा लागतो!”

बाबा रोज आंघोळीहून कानावर नेच्याचे पान घेऊन बाहेर येत. मी मात्र दर आठवड्याला तिला तिकडच्या शाखेत पत्रातून आमच्या सोनेरी सकाळी वारानिशी कळवत होतो. लव्हेंडर लांबट, पांढुरके झाले होते आणि मान वाकडी करून खिडकीबाहेर बघत बसे. मला वाटले, ते अंतर्मुख आहे.

“मरायला टेकलंय ते,” ताई म्हणाली. काहींना काव्य कळत नाही.

आणि सहा महिने संपले, त्या शनिवारी कुंडीच्या मालकिणीचा फोन आला. “उद्या सकाळी आठला येते. तुमचं ते ऊन बघायचंय.”

उद्या. रविवार!

आठ वाजून दहा. गज कोरडे. आठ बारा. मी आभाळाकडे बघत होतो. तेथे औषधालासुद्धा ढग नव्हता. जिन्यात पावले वाजली, तशी ताईने स्वयंपाकघरातून आईची परात उचलली.

“समोरच्या इमारतीच्या जिन्यावर ऊन असतं. तिला खिडकीपाशी बसव, बाकीचं मी बघते.”

“ढग जातील, ताई.”

“हो रे बाळा, ढगच चाललेत. सरक!” आणि ती मागच्या दाराने पळाली.

नकाशाकार दुसरी कुंडी घेऊनच आली होती. बसली. आणि ऊन आले! पण ते सरळ छतावर गेले. तेथून घसरले ते बाबांच्या अर्ध्या दाढीवर. “कोण आहे रे तिकडे!” बाबा ओरडले. मग ऊन भिंतीवरून धावले, लव्हेंडरला ओझरते भेटले आणि तिच्या नाकावर येऊन बसले.

“तुमच्याकडचा सूर्य फार चंचल आहे,” ती डोळे मिटून म्हणाली.

“ढगांमुळे.”

खालून एक आवाज चढला, “अहो परातवाल्या बाई! डोळे फोडता का लोकांचे?”

“दोनच मिनिटं, काका!” हा ताईचा.

मग एक ठणठणाट झाला. सूर्य निसटला आणि पायरीपायरीचा हिशेब देत तीन मजले घरंगळत गेला.

“माझी परात!” आई किंचाळली.

खोली पुन्हा राखाडी झाली. पाहुणीने लव्हेंडरच्या काडीला बोट लावले. एक पान आपणहून गळले. बाबांनी होकायंत्र कुंडीशेजारी ठेवले. तिने त्याकडे पाहिलेही नाही. माझ्याकडे पाहून विचारले,

“ही खिडकी कोणत्या दिशेची?”

ढग, लोखंड, सगळे ओठांवर आले होते. पण झाड इतकी वाकडी मान करून त्या दंतवैद्याच्या बंद खिडकीकडे बघत होते, की मलाच लाज वाटली.

“उत्तरेची,” मी म्हणालो.

“तरीच. तुमच्या एकाही पत्रात रविवारचं ऊन नव्हतं.” ती रागावलीही नाही. दोन्ही कुंड्या तिने काखेत घेतल्या. “लव्हेंडर जगेल बहुतेक, माझ्या गच्चीवर. इथे नेचे आणून ठेवा. त्यांना असा थंड उजेड मानवतो.”

बघायला येईन, असे ती म्हणाली नाही. तिचे बोलणे मी मनात सात वेळा तपासले. कोठेही काही गळलेले नव्हते.

सोमवारी नेचा खिडकीत ठेवला. बाबांच्या मते ही या घरातली पहिली वैज्ञानिक घटना. आठ वाजून दहा मिनिटांनी दंतवैद्याने खिडकी उघडली आणि माझ्या खोलीत उजेड आला.