गिरजामायच्या दारातलं पाणी

विलासभाऊ बाजारात दोनदा भाजी घेतात. एकदा स्वतःसाठी आणि एकदा गिरजामाय म्हणून. दुसऱ्या फेरीत त्यांचा आवाज बदलतो, वांगं हातात घेऊन ते नाक मुरडतात आणि "अळी हाय याच्यात, बाप्पा" म्हणून खाली ठेवतात. भाजीवालीला आता सवय झाली आहे. मला अजून नाही, कारण पिशवी धरायला मीच असतो.

गिरजामाय ही आमच्या खेळातली बाई. नालवाडीच्या एका खोलीत बसून आम्ही दोघं फोनवर खेळायच्या गोष्टी बनवतो. पुढे काय करायचं ते वाचणाऱ्याने निवडायचं, तशी गोष्ट वळते. मी खेळ बांधतो, विलासभाऊ माणसं सांभाळतात. सांभाळतात हा शब्द त्यांचाच. पहिल्या भागात गिरजामायने डाव्या हाताने कुलूप उघडलं असेल, तर दुसऱ्यात उजव्याने उघडलेलं त्यांना खपत नाही. मी काहीही लिहिलं की चष्म्यावरून बघत विचारतात, "तिले विचारलं का तू?" एकदा मी तिला चहात बिस्किट बुडवायला लावलं, तर दिवसभर अबोला. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "दात नाईत का तिले?"

तर या गिरजामायचा एक नेम आहे. दारात कोणीही येवो, आधी पाणी, मग चौकशी. पहिल्या भागात तिने शिपायाला पाणी दिलं, दुसऱ्यात चोराला. तिसऱ्यात तिचा भाऊ येतो, बहिणीला न विचारता बापाचं पिकतं वावर विकून गेलेला. हा भाऊ विलासभाऊंनीच आणला. पण त्यांच्याच्याने प्रसंग पुढे सरकेना, म्हणून मी लिहिला. ती त्याच्या तोंडावर दार लावते, असं लिहिलं. खेळाच्या नागपूरच्या मालकांना ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हा भाग लोकांच्या फोनवर गेला नाही तर मालिका बंद, असंही त्यांनी बजावलं होतं.

सकाळी विलासभाऊंनी ते वाचलं आणि कीबोर्डच उचलून मांडीवर घेतला.

"हे नाई जानार. ती पानी देईन त्याले."

"अहो, वावर विकलं त्यानं."

"चोराले देलं ना? मंग भावाले काऊन नाई?"

मालकांचा फोन वाजत होता. मी उचलला नाही, पण डोकं तापलं. "चोर तिचा कोण लागतो? राग सख्ख्या माणसाचा येतो, भाऊ."

"मले नको शिकवू," त्यांचा आवाज चढला. "हिंगणीची हाय ती. दार नाई लावनार."

आमच्या खेळातल्या गावाला नावच नाही. मी विचारलं, "कोण हिंगणीची?"

विलासभाऊ कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसत बसले. मग हळूहळू निघालं. हिंगणीला त्यांची मोठी बहीण, नवऱ्याच्या माघारी माहेरच्या घरी एकटीच राहते. यांनी वावर तिला न सांगता विकलं आणि तेव्हापासून तिला तोंड दाखवलं नाही. तीन भाग हा माणूस तिच्याच तोंडचं बोलणं लिहीत होता.

"तिले विचारलं का तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच मी जीभ चावली.

विलासभाऊ उठले, चपला घालू लागले. "गाडी काढ," म्हणाले.

हिंगणीच्या वाटेवर सेलूपर्यंत ते गाडीवर मागे बसून सारखे म्हणत होते, "देईन पानी. न देऊन जाते कुठं." सेलू गेल्यावर म्हणाले, "हळू चालव." आपण यांना उगाच डिवचलं असं मला वाटायला लागलं.

हिंगणीला पोचलो तेव्हा ताई ओसरीवर तूर पाखडत होत्या. सूप थांबलं. त्यांनी भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेल्या. विलासभाऊंनी माझं मनगट धरलं. ताई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एकच पेला होता. तो त्यांनी मला दिला आणि पुन्हा सूप घेऊन बसल्या.

मला विलासभाऊंकडे पाहवेना. चोरालाही मिळालेलं पाणी या माणसाला मिळालं नव्हतं. ते वळले आणि फाटकाकडे चालू लागले.

"कुठं चालला?" ताई मान वर न करता म्हणाल्या. "पाहुन्याले पानी देलं म्या. तू का पाहुना हाय? माठ जागेवरच हाय, घे जाऊन."

विलासभाऊ फाटकाला हात लावून उभे राहिले. मग परत आले, ओसरीखाली चपला काढल्या आणि चौकटीला वाकून आत गेले. थोड्या वेळाने आतून माठावरचं झाकण पडल्याचा दणदणीत आवाज आला.

"लहानपनापासून पाडते हा," ताई मला म्हणाल्या. सूप त्यांच्या मांडीवर तसंच होतं, आणि त्या दाराकडे बघत होत्या. माझ्या खिशात मालकांचा फोन पुन्हा थरथरायला लागला. मी तो बाहेर काढला नाही. मी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं.