आखाडातली माठाची भाजी

सोपानचा बाप पन्नाशीतच वारला होता, आणि येत्या दसऱ्याला सोपानलाही पन्नासावं लागणार होतं. त्यामुळे लोणावळ्याच्या ज्या बंगल्यात तो बागकाम करायचा, तिथं हवापालटाला आलेले एक डॉक्टर "पालेभाजी, डाळ, भाकरी खा, शंभर वर्षं जगाल," असं सहज म्हणाले, ते थेट त्याच्या काळजाला भिडलं. धाकट्या लेकीचं, चंपाचं लग्न बघायचं होतं त्याला.

कुसगावात घरी पोचताच त्यानं बायकोला फर्मावलं, "रतन, आजपास्नं वशाट बंद. डाक्टरनं सांगितलंय."

सन बासष्टचा आखाड चालू होता. श्रावण लागायच्या आत जो तो कोंबड्यांवर हात मारून घेत होता. अशा दिवसांत मटण सोडणारा माणूस एकतर माळकरी, नाहीतर वरच्या वाटेला लागलेला. सोपानच्या गळ्यात माळ नव्हती (पानतंबाखूची चंची मात्र होती). रतनबाईनं तोंडाला पदर लावला आणि मागच्या दारानं जाऊबाईंचं, झुंबरबाईचं घर गाठलं.

दिवस मावळायच्या आत निम्मं गाव ओटीवर! आजाऱ्याला खेकड्याचा रस्सा हे मावळातलं पहिलं औषध, तेव्हा प्रत्येकीच्या हातात झाकलेलं पातेलं.

"कुटं दुकतंय, सोपाना?" कोंडाजीआबांनी विचारलं. आबा ऐंशीचे, पण खेकड्याची नांगी अजून दातांनी फोडायचे.

"कुटंच न्हाई, आबा. मला शंभर वर्सं जगायचंय."

"जगशील बाबा, जगशील," म्हणत आबांनी डोळे पुसले. झुंबरबाईला हुंदका आवरेना.

तासभर डोकंफोड केल्यावर मंडळींना पटलं, की गडी ठणठणीत आहे. रतनबाई रडता रडता हसू लागली. तिला इतका आनंद झाला, की तिनं सगळ्यांना जेवायलाच बसवलं. रश्श्याचा वास घरभर सुटला. सोपानच्या ताटात माठाची भाजी पडली.

तीन घास त्यानं नेटानं गिळले. तेवढ्यात आबा नांगी चोखत म्हणाले, "सोपाना, बोकड जल्मभर पालाच खातो. पर दुसरी जत्रा बघितल्याला बोकड म्या तरी बघितला न्हाई!"

पंगत खदखदून हसली आणि सोपानचा निश्चय तिथंच ढासळला. वाटी हळूच पुढं सरकवत तो पुटपुटला, "रतन, मला जरा कणकण वाटतीया."

रतनबाईनं शेवटचं पातेलं उपडं करून दाखवलं.

"रस्सा मरणाऱ्यासाठी हुता. तुमी तर शंभर वर्सं जगनार हाय!" ती लाडानं म्हणाली, आणि उरलेली सगळी माठाची भाजी तिनं त्याच्या वाटीत ओतली.