सात मात्रांचा नरसूअण्णा

नरसूअण्णा सात पावलं चालतो आणि थबकतो. मग पुन्हा सात. सातवं पाऊल रस्त्याच्या मधोमध पडलं तर मधोमध थबकतो. टांगेवाले त्याचा उद्धार करतात, पण गडी थबकल्याशिवाय आठवं टाकत नाही. मी त्याच्याबरोबर एकदाच बाजारात गेलो. कोथिंबिरीच्या एका जुडीला तास लागला. पुन्हा जाणार नाही, सांगून ठेवतो.

आणि हे खूळ आलं कुठून? इटलीहून! आता बोला.

नरसूअण्णा आमच्या शेजारचा. मिलमध्ये जॉबर. जॉबर म्हणजे माग बंद पडला की ज्याला आधी हाका मारतात आणि मग शिव्या देतात तो. मध्यंतरी मिलमध्ये इटलीची यंत्रं आली, ती बसवायला ब्रुनो नावाचा साहेब आला. चार महिने अण्णा त्याच्या हाताखाली. एकाची भाषा दुसऱ्याला अक्षरभर कळत नव्हती, पण दोस्ती अशी की विचारू नका. जाताना साहेबानं अण्णाला सेलवर चालणारा रेकॉर्डप्लेअर दिला आणि एक तबकडी. साहेबाच्या गावातल्या पोरांचं बँड. नाव हातभर लांब, अर्थ म्हणे ‘कंदीलवाल्याचं घर’.

एका बाजूला एकच गाणं! आधी चर्चमध्ये बसल्यासारखा ऑर्गन, मग एकाएकी बासरी, मग कुणी फडताळातली भांडी ढकलून द्यावीत तसा ड्रम. आणि सगळं सात मात्रांत.

“अण्णा, हे संपतं कधी हो?”

“संपाया कशाला पायजे, मास्तर? ऐका की!”

बोलतानाही उभाच. अण्णा बसत नाही. चहा उभ्यानं, गप्पा उभ्यानं, बोटं कायम कशावर तरी वाजत. दाराच्या चौकटीवर, पाण्याच्या पिंपावर, एकदा तर माझ्या टकलावर.

मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून या बँडचा इतिहासही मीच लिहायचा, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. ब्रुनोसाहेबाची मोडक्या इंग्रजीतली कार्डं यायची. ती मी वाचायची, मराठीत सांगायची, वर वहीत उतरवायची. दोन सख्खे भाऊ, थोरला ऑर्गनवर, धाकटा बासरीवर. बापाच्या सुतारखान्यात तालीम. पहिला ड्रमवाला लष्करात गेला, दुसरा सासुरवाडीला जाऊन बसला. थोरल्याला गाणं अजून लांबवायचं, धाकटा म्हणे लोकांना नाचू दे की जरा. वर्गात मी पानिपत अर्ध्या तासात उरकतो हो! इथे ड्रमवाला का बदलला यावर या माणसानं मला दोन पानं लिहायला लावली.

“अंदाजानं लिवू नका, मास्तर. इतिहास हाय ह्यो.”

अण्णाचं स्वतःचंही बँड होतं, वरातीचं. ढोलावर अण्णा, क्लॅरिनेटवर त्याचा धाकटा भाऊ अंबादास, आणखी पाचसहा जण. अंबादास चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता, सुरेख अक्षराचा पोरगा. तर एका वरातीत अण्णानं ‘कंदीलवाल्याचं घर’ काढलं! महिनाभर घोटून घेतलेलं. नाचणाऱ्यांचा पाय पडायचा तिथे ताल नाही, ताल यायचा तिथे पाय हवेत. दोघं एकमेकांवर आपटले. घोडी अडून बसली. नवरदेवाचा मामा ओरडला, “अरं, वरात हाय का कवायत?” मग अंबादासनं आपलं आपणच नेहमीचं, चार मात्रांचं नाचाचं गाणं धरलं. पोरं उधळली. पण अण्णा सात सोडेना. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत दोघा भावांनी एकाच वरातीत दोन वराती वाजवल्या!

हा किस्सा मी किती जणांना रंगवून सांगितलाय. पुढचं मात्र कधी सांगत नसे. मांडवाच्या दारात अण्णा अंबादासला चारचौघांत नको ते बोलला. बँड मोडलं. अंबादास भिवंडीला मागावर लागला, तो परत फिरकला नाही. क्लॅरिनेट अण्णाच्या घरी खुंटीला आहे. दर शुक्रवारी, मिलच्या सुट्टीला, अण्णा ते पुसतो.

गेल्या महिन्यात ब्रुनोसाहेबाचं कार्ड आलं. बँड फुटलं. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. धाकटा बासरी घरी टाकून दूर मोटारींच्या कारखान्यात नोकरीला लागला.

मी वाचून दाखवलं. अण्णा माझ्या ओसरीवर येरझाऱ्या घालू लागला. आठ, नऊ, दहा, अकरा पावलं. थबकायचंच विसरला. मला भीती वाटली, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटता सुटता हजर. “मास्तर, साहेबाला पत्र लिवायचं. थोरल्याला सांगा म्हनावं, चूक तुजी हाय. बारक्याचं खरं होतं. लोकास्नी नाचू द्यायचं असतं. थोरला हाय म्हनून अडून बसलास, बसून काय मिळालं? त्याला घरी बोलव.”

मी इंग्रजीत कच्चं लिहून काढलं. म्हटलं, आणा आता विमानाचं पत्र. अण्णानं खिशातून घडी काढून पुढं ठेवली. साधं आंतरदेशीय!

“अहो, डोकं फिरलंय का? हे इटलीला जातं होय?”

“न्हाय जात. ठावं हाय की.” त्याची बोटं माझ्या टेबलावर एकदम गप्प झाली. “भिवंडीला जातं.”

वर्षभर मी ज्यावर लोकांना हसवत होतो ते हे होतं. माझीच मला लाज वाटली.

“मराठीत लिवा, मास्तर. थोरल्याच्या जागी मी, बारक्याच्या जागी अंबादास. माजं अक्षर बगितलं तर फाडून टाकंल त्यो. तुमचं वळकतो, वाचंल.”

मी लिहायला घेतलं. मान वर केली तर अण्णा माझ्यासमोर खुर्चीत बसला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, हात मांडीवर, शाळेतल्या पोरासारखा.

“शेवटी काय लिहू, अण्णा?”

तो खुर्चीत पुढं सरकला. मग म्हणाला, “लिवा, चारच्या चालीवर वाजवू. नुसतं ये म्हनावं.”