चांदूर बाजारच्या भोंग्यावरची बाई

देवमन तायडेची पहिली तबकडी मुंबईहून अकोल्याला आली, तेव्हा जिच्यासाठी ती काढली ती बायकोच घरात नव्हती. ललिता उन्हाळ्यापासून चांदूर बाजारला माहेरी जाऊन बसली होती.

देवमन कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात कारकून होता. गाणी स्वतःच लिहायचा, स्वतःच चाल लावायचा आणि स्वतःच म्हणायचा. ललिताची धाकटी बहीण शकुन हिच्या लग्नात बुद्धवंदना झाली की त्यानं तिच्यासाठी लिहिलेलं गाणं म्हणायचं, असं ठरलं होतं. नेमका त्याच दिवशी अमरावतीला मोठा कार्यक्रम निघाला. "दुपारी दोन गानी म्हनतो आन् मांडवात येतो," असं सांगून तो गेला. लोकांनी "आनखी एक, आनखी एक" करत त्याला अडकवून ठेवलं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही सुटायचं नव्हतं. तो मांडवात पोचला तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि नवरी पातूरला सासरी गेली होती.

ललिता भांडली असती तर बरं झालं असतं. ती बोललीच नाही. देवमनलाही "चुकलो" म्हणता आलं नाही. हजार माणसांपुढं न डगमगणारा हा गडी बायकोपुढं उभा राहिला की त्याला एकदम तहान लागायची. म्हणून त्यानं गाणं लिहिलं:

चुकलो मी, आता घरी ये ना,
तुयाबिगर दिस जाये ना.

संथ, काळजाला हात घालणारी चाल लावली आणि मुंबईला जाऊन त्याची तबकडी केली. पहिली प्रत त्यानं चांदूर बाजारच्या खुशालरावांकडं पाठवली. खुशालरावांचा लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा होता आणि त्यांचं दुकान देवमनच्या सासऱ्यांच्या घरासमोरच होतं. बाजाराच्या दिवशी भोंगा लावायचा, ललितानं ओसरीवर बसून ऐकायचं, की झालं काम.

आठवड्याभरात सासरे पंजाबराव अकोल्याला येऊन थडकले. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "जवाईबापू, ते बाई कोन हाये?"

"कोनती बाई?"

"जे भोंग्यावरून तुमाले घरी बोलावून राह्यली ते! खुशालराव म्हने, जवायाची तबकडी हाये; साऱ्या बाजारानं आयकलं. चुकलो म्हनते, घरी ये म्हनते. आमच्या पोरीनं तोंडाले पदर लावला आन् जे घरात गेली, ते जेवाले बी उठली नाई."

"मामा, ते मी हावो!"

"मले शिकवता काय? बाईचा आवाज मले समजत नाई?"

देवमन त्यांना घेऊन ओमप्रकाशच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेला. ओमप्रकाशनं तबकडी लावली. देवमनचा भरदार, रडवेला आवाज दुकानभर पसरला. पंजाबरावांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "हे तुमी हा. पन चांदुरात वाजली ते बाईच होती. आन् लय घाईत होती."

ओमप्रकाशनं कपाळाला हात लावला. त्यानं मशीनचा खटका सरकवला, तशी तबकडी गरगर फिरू लागली आणि आतून एक किनरी बाई टांग्याच्या घोड्यासारखी दौडत निघाली.

"हेच ते! हेच ते बाई!" पंजाबराव ओरडले.

खुशालरावांच्या मशीनचा खटका जलद गतीवरच अडकलेला होता. जुन्या तबकड्या त्यावर बरोबर वाजायच्या. या नव्या, सावकाश फिरवायच्या तबकडीची मात्र बाई झाली होती. आणि वऱ्हाडात बायासुद्धा "मी चुकलो"च म्हणतात, त्यामुळं कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

ओमप्रकाशचं मशीन उसनं घेऊन जावई-सासरे एसटीनं चांदूर बाजारला पोचले. तिथं एक वरात निघाली होती आणि नवरदेवाचे दोस्त रुमाल उडवत नाचत होते. गाणं तेच, "तुयाबिगर दिस जाये ना." देवमननं हे पाहिलं आणि त्याला मांडी घालून रस्त्यातच बसावंसं वाटलं.

खुशालरावांनी उसनं आणलेलं मशीन जोडलं. गाणं संथ, खऱ्या चालीत सुरू झालं. नाचणारे पाय जागीच थांबले.

"खुशालराव, मशीन बिमार पडली का?"

"कोन रडून राह्यला हा? बाईचं लावा!"

शेवटी बाईचंच लागलं. पण तेवढ्यात ललितानं दारात उभं राहून दोन ओळी ऐकल्या होत्या. देवमन तिच्यासमोर गेला. त्याला तहान लागली.

"साऱ्या दुनियेले सांगतलं," ललिता म्हणाली. "मले कवा सांगतलं?"

"चुकलो," देवमन एवढंच म्हणाला. ते कसंबसंच निघालं.

"मायासंगं काय चुकले तुमी? शकुनसंगं चुकले. वंदना झाली, लोक जेवाले बसले, आन् ते पोरगी दरवाज्याकडं पाहून राह्यली. तिले सांगा. चाला, मी बी येतो."

पातूरला शकुननं पाटावर बसवून चहा दिला. देवमननं घसा साफ केला, पण त्याच्या आधी तीच खुशीत म्हणाली, "भाऊजी, ते बाईवालं गानं तुमचंच हाये म्हनते! आमच्या इथं बी वाजते. माया सासूले लय आवडते. म्हना ना!"

सासू, नणंदा, शेजारणी जमल्या. माफी मागायला आलेल्या देवमननं आपलं दुःख किनऱ्या आवाजात, दुप्पट घाईनं म्हणून दाखवलं. बायांनी टाळ्या धरल्या. शकुन हसून हसून भिंतीला टेकली.

हसू ओसरल्यावर तिनं डोळे पुसले आणि सहज विचारलं, "भाऊजी, लग्नात हेच म्हननार होते काय?"

"नाई. ते अलग होतं. तुयासाठी लिहलं होतं."

"मंग ते म्हना आता."

ते गाणं देवमननं लग्नाच्याच दिवशी अमरावतीत म्हटलं होतं. त्याच गाण्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या होत्या. आता ते कोणत्या तोंडानं म्हणायचं?

"याद नाई राह्यलं," तो खाली पाहत म्हणाला.

चुलीजवळ बसलेल्या ललितानं कुणाकडं न बघता गाणं सुरू केलं. तिचा सूर हलत होता, चाल दोनदा चुकली, पण बहिणीसाठी लिहिलेला एकेक शब्द तिला पाठ होता. शकुनच्या लग्नाआधी कितीतरी दिवस देवमन भाकरी खाताना, अंघोळ करताना तेच गुणगुणत असे आणि ती ऐकत असे. तिच्या तोंडून ते ऐकताना देवमनला प्रथमच कळलं की गाणं चांगलं झालं होतं.

शकुन ऐकता ऐकता हळूच ललिताजवळ सरकली. देवमन तिथंच बसून राहिला, आणि गाणं संपल्यावर टाळी वाजवायचं त्याला धैर्य झालं नाही.