पातूरला निघालेली दमणी

मंडळी, सहलीसाठी वाहन निवडावं तर मीच! १९५८ साली मी अकोल्याच्या एका कचेरीत हेडक्लार्क होतो. वाहनांचा रीतसर तक्ता करून त्यावर शेरे मारणारा अख्ख्या वऱ्हाडात मी एकटाच असेन.

टांगा: घोडा पातूरपर्यंत टिकेल याची खुद्द टांगेवाल्यालाही खात्री नाही. रेंगी: हलकी बैलगाडी, पळते झकास, पण दोघं बसले की डबासुद्धा मावत नाही. बंडी: कापूस भरायला उत्तम. आम्ही कापूस नव्हतो. उरली दमणी! वर छत, आत गादी, मागे पडदा. चाकांवरची माडीच!

आमच्या बायकोला, इंदूबाईला, माहेरचं कोणी उरलं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या लेकी माहेरी निघाल्या की ही दारात उभी राहून बघायची. म्हणून त्या वर्षी मी शब्द दिला होता: आखाजीला पातूरची लेणी!

दमणी होती आमच्या कचेरीतल्या उत्तमरावाची. मागितली तेव्हा तो जरा घुटमळला. मला वाटलं, आदरानं!

"बैल लई शाने हायेत सायेब," तो म्हणाला. "त्यायले रस्ता सांगा लागत नाही."

पहाटे निघालो. डोक्याला पटका गुंडाळून मी स्वतः कासरा धरला. उन्हं वर आली तसे बैल सडक सोडून पांदीत वळले.

"अवो, सडक तिकडं रायली!" पडद्यामागून इंदूबाई.

"बैलाले जवळचा रस्ता माईत हाये!"

तासाभरानं बैल एका अंगणात शिरले आणि घरमालकासारखे उभे राहिले. घरातून एक म्हातारी भाकरतुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

"आली वं माही सत्यभामा! ए गाडीवान, सरक तिकडं! बैल सोड, कडबा टाक!"

हेडक्लार्कनं कडबा टाकला! काय करणार, तिचा आवाज आमच्या साहेबापेक्षा मोठा होता.

म्हातारीनं पडदा उचलला. आत इंदूबाई.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी बैलांकडे. बैल कडब्याकडे.

"माही लेक कुठं हाये?"

हळूहळू उलगडा झाला. म्हातारी म्हणजे माणिकबाई, उत्तमरावाची सासू. बैल याच गोठ्यातले, लेकीला आंदण दिलेले. आणि दमणी आज सत्यभामेला माहेरी आणणार होती, पण तिच्या नवऱ्याला साहेबापुढे नाही म्हणता आलं नव्हतं!

"म्हंजे दमणी तुमी अडकवली!" माणिकबाई कडाडल्या. "आता उलटपावली जा. माही लेक आना, मंग तुमची बायको न्या!"

"अन् लेणी?" मी इंदूबाईकडे पाहिलं.

तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून झाला होता. ती केव्हाच ओट्यावर बसली होती, हातात आमरसाची वाटी.

"लेण्या काई पळून नाही चालल्या," ती म्हणाली. "तुमी निंगा. सत्यभामा वाट पाहून राहिली असन."

निघालो. बैल काही निघेनात! त्यांचंही माहेरच ते. दोन माणसांनी ढकलून त्यांना वेशीबाहेर काढलं.

सत्यभामेला पोचवलं. इंदूबाई म्हणाली, चार दिवसांनी या. चार दिवसांनी गेलो, तर दोघी निंबाच्या झोक्यावर. मला पाहून इंदूबाईचा चेहरा पडला.

"इतक्या लवकर काहून आले?"

त्यानंतर दर आखाजीला ती तिथंच जाऊ लागली. गाडीवान अर्थात मीच. तक्त्यात दमणीपुढे मी 'सर्वोत्तम' असा शेरा मारला होता, तो अजून खोडलेला नाही. लेणी मात्र मी अद्याप पाहिलेली नाहीत. बैलांनीही पाहिली नसावीत.