रुंद पडद्यावरचे सासरे

"डीव्हीडीतून फिल्म काढायची ना? हातचा मळ आहे माझ्या!" असं थोरल्या जावयानं सगळ्या घरासमोर ठणकावून सांगितलं, तेव्हा सासरे जाऊन आठवडाही झाला नव्हता. हा विमा कंपनीतला कारकून. मागे साहेबांच्या निरोप समारंभाला चार फोटोंवर गाणं चढवलं होतं, तेव्हापासून स्वतःला दिग्दर्शक समजायचा.

पण तो बोलून बसला सासूबाईंपायी. त्या माउलीनं जेवण टाकलं होतं. "डोळे मिटले की पलंगावरचा तो हाडांचा सापळाच दिसतो हो," त्या म्हणाल्या. "एवढा संसार केला, आणि त्यांचा आधीचा चेहराच आठवेनासा झालाय." सासऱ्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाची डीव्हीडी कपाटात होती. शोकसभेत तीच मोठ्या पडद्यावर दाखवायची ठरली.

डीव्हीडी कॉम्प्युटरवर उतरवली. एडिटिंगचं सॉफ्टवेअर म्हणालं, ही फाइल मी ओळखत नाही.

"ओळखत नाही म्हणजे? मुख्याध्यापक होते ते!" जावई त्याच्यावरच खेकसला.

मग फाइलचा प्रकार बदलणारं दुसरं सॉफ्टवेअर आणलं. चित्र आलं, आवाज गायब! सासरे सोफ्यावर बसून नुसते तोंड उघडतायत, मिटतायत, बोट नाचवतायत. पुन्हा खटपट केली तर आवाज आला, पण ओठांच्या पुढे पळायला लागला. टाळ्या आधी, भाषण मागून!

"राहू द्या तसंच, दाजी," मेव्हणा म्हणाला. "बोलण्याआधी टाळ्या! बाबांना आवडलंच असतं."

"तू गप्प बस!"

दोन दिवस जावई सासऱ्यांच्या ओठांकडे टक लावून बसला. शेवटी ओठ जुळले. आणि तेव्हा त्याला दिसल्या काळ्या पट्ट्या! जुनं चित्रण चौकोनी, पडदा लांबुळका, त्यामुळे दोन्ही बाजूंना पट्ट्या येणारच. पण घरावर आधीच अवकळा पसरलेली, त्यात आणखी काळं कशाला? त्यानं चित्राची दोन्ही टोकं धरली आणि पडदा भरेपर्यंत ओढली.

"अहो, बाबा जरा वेगळेच दिसतायत," बायको म्हणाली.

"तू ओठ बघ, ओठ! जुळतायत की नाही?"

ओठ जुळत होते.

सभागृहातले दिवे मालवले, पडदा उजळला आणि सासरे अवतरले. आडवे! जन्मभर काडी असलेला माणूस, सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा अंगावर. तो अर्ध्याहून जास्त सोफा व्यापून बसला होता. गाल कानांपर्यंत गेलेले. शिपायानं दिलेला पुष्पगुच्छ कोबीच्या गड्ड्यासारखा!

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. मग कळलं, तो खोकला नव्हता. बघता बघता अख्ख्या रांगेचे खांदे हलायला लागले. मेव्हण्यानं तोंड रुमालात खुपसलं. शेजाऱ्यांना वाटलं पोरगा रडतोय, ते बिचारे त्याची पाठ थोपटत राहिले.

"बंद करा ते!" बायको दात ओठ खात म्हणाली. जावयाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. त्याचा हात बटणाकडे गेला, तोच पहिल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला.

"कोणी हात लावायचा नाही."

जावयानं हात मागे घेतला. शेवटपर्यंत त्या एकटक बघत होत्या. गेलेल्या माणसाचं आपण हसं केलं, या विचारानं जावयाला गलबलून आलं.

घरी आल्यावर त्यांनी त्याला आत बोलावलं. हा मान खाली घालून उभा.

"चुकलं, सासूबाई. उद्याच नीट करून देतो. होते तसे, बारीक."

"मुळीच नाही!" त्यांनी डोळे पुसले. "जन्मभर खाऊ घातलं, कधी अंगाला लागलं नाही त्यांच्या. आज भरलेले दिसले हो! आता डोळे मिटले तरी तसेच दिसतायत. हिला म्हणावं, मला थोडं वाढ."

जावयाला रडू फुटलं. छातीही जरा फुगली.

"फक्त एक करा, जावईबापू."

"सांगा ना! हातचा मळ आहे!"

"त्यांच्या शेजारी सोफ्यावर मी बसलेय ना, मला तेवढं बारीक करून द्या."

तेव्हापासून जावई कॉम्प्युटरसमोर बसून आहे. सगळ्या फिल्मभर ती दोघं एकमेकांना खेटून बसलीयत. एकाला बारीक केलं की दुसरंही बारीक होतंच, हे सासूबाईंना सांगायची हिंमत अजून घरात कोणाला झालेली नाही.